शुक्रवारच्या तुळजाक्का

तुळजाक्का कोणाच्याही घरी परसदारानं जात नसत. कुंभकोणममधली आमची मराठी घरं लांबलचक होती. पुढचं दार एका गल्लीत उघडायचं आणि मागचं, विहिरीपलीकडचं, दुसऱ्याच गल्लीत. बायकांच्या दुखण्यासाठी डॉक्टरीण बोलवायची ती या मागच्या दारानं, अशी रीत होती. समोरच्या घराला कळता कामा नये. तुळजाक्का मात्र निरोप घेऊन आलेल्या मोलकरणीला दवाखान्यातूनच खडसावत, "तुझ्या मालकिणीस सांगट, मी डॉक्टर आहे, मांजर नव्हे. पुढलें दार उघडून ठेवा." मग खरंच पुढच्या दाराशी येऊन कडी वाजवीत उभ्या राहत. दार लवकर उघडलं नाही तर समोरच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांशी भाताच्या पिकाविषयी बोलत राहत. शेवटी घरच्यांनाच वाटे की, हिला आत घेतलेलं बरं.

बुटकी, रुंद अंगाची बाई. नऊवारी नेसणं आपलं, पण नाकात दोन्ही बाजूंना तमिळ पद्धतीच्या चमक्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मनगटावर पुरुषी घड्याळ. तंजावरच्या राजांबरोबर जी मराठी घराणी दक्षिणेत आली त्यांतल्याच एका घराण्यात त्या जन्मल्या होत्या. गल्लीतले तमिळ लोक त्यांना 'डॉक्टरम्मा' म्हणत आणि आम्ही मराठी 'तुळजाक्का'.

मी मूळची साताऱ्याची. माझे वडील जुनी हस्तलिखितं बघायला तंजावरला गेले आणि येताना माझं लग्न ठरवून आले. स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. कुंभकोणमला आल्यावर पहिल्याच दिवशी सासूबाईंनी विचारलं, "तुज काय पाह्यजे? लाजूं नोको, सांगट." मला वाटलं, एखाद्या बखरीतलंच कोणी बोलतंय. त्यांना माझं बोलणं उद्धट वाटे, मला त्यांचं जुनाट. मध्येच तमिळ शब्द आला की माझी वाटच खुंटायची. सासूबाईंना मी तिथल्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणत असे, आणि माझ्यामागून सगळी गल्लीच म्हणू लागली. बाई कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. माझे यजमान मद्रासला एका कचेरीत नोकरीला होते आणि महिना-पंधरा दिवसांनी घरी येत.

पहिल्या खेपेला सहावा महिना चालू असताना माझ्या पायाला मोठं गळू झालं आणि ताप चढला. तेव्हा नव्यानंच निघालेल्या कुठल्याशा कॅप्सूल घरच्या डॉक्टरांनी दिल्या. ताप उतरला, गळू बसलं, सगळ्यांना हायसं वाटलं. पण आठवडाभरात दुसरंच सुरू झालं. अंगावरून पांढरं जायला लागलं. पाण्यासारखं नव्हे, फाटलेल्या दुधासारखं, गुठळ्या-गुठळ्यांचं. आणि खाज अशी की, बसलं तर उठावंसं वाटे, उठलं तर बसावंसं. लघवीला गेलं की आग व्हायची. देवळात उभी असताना खाज सुटली म्हणून मी दाताखाली पदर धरून रडले आहे, आणि शेजारच्या बायकांना ती माझी भक्ती वाटली आहे.

मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी आधी माझ्याकडे न बघता कडुनिंबाचा काढा करून दिला. धुवायला. मग तुरटीचं पाणी. मग कुणीसं सांगितलं म्हणून कसलंसं जंतुनाशक बादलीत घालून दिलं. त्यानं तर कातडं सोलून निघालं. शेजारच्या कुप्पम्माळ नावाच्या तमिळ बाई रोज कढीपत्ता न्यायला येत. त्यांच्या कानावर आत्याबाईंनी हे घातलं. कुप्पम्माळनं तोंडावर हात ठेवून एकच शब्द उच्चारला: "मेगम्." मला तो कळला नाही. संध्याकाळी आत्याबाईंनी मराठीत सांगितला तेव्हा कळला. परमा. बाहेरख्याली लोकांना होतो तो रोग.

त्या दिवसापासून माझं ताट वेगळं झालं. माझी सतरंजी मागच्या खोलीत गेली. येत्या पंधरवड्यात डोहाळजेवण व्हायचं होतं, ते पुढे ढकललं असं परस्पर सगळ्यांना कळवलं गेलं. मद्रासला निरोप गेला. आत्याबाई मला थेट काहीच बोलल्या नाहीत. देवापाशी बसून मोठ्यानं म्हणाल्या, "साताऱ्याहून आम्हीं सोनें आणिलें असें वाटलें होतें." पोटातलं मूल तेव्हा चांगलं हालचाल करायला लागलं होतं. मी त्याच्यावर हात ठेवून विचार करत होते की, याला जन्मायच्या आधीच काय ऐकावं लागतंय.

रडून झाल्यावर मला राग आला. आयुष्यात इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी चपला घातल्या आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. तोवर त्या गावात मी एकटी कुठे गेले नव्हते. तुळजाक्कांचा दवाखाना आमच्याच गल्लीच्या टोकाला होता, तरी ते अंतर मला साताऱ्याइतकं लांब वाटलं.

त्या जेवून पान लावत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बैस. काय होतें?"

"खाज येते," मी म्हटलं.

"कोठें?"

"तिथे."

"तिथें म्हणजे? तिरुवलंचुळीस काय? पट्टीश्वरमास काय?" आसपासच्या गावांची नावं घेत त्यांनी पान तोंडात टाकलं. "साक्कोट्टैस खाज येत असेल तर मज तेथें जावें लागेल. कोठें तें नांव घेऊन सांगट."

मला हसू आलं आणि हसता हसता रडू कोसळलं. मग मी नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी मान हलवली, जणू मी गुडघा म्हटलं होतं.

पडद्याआड नेऊन त्यांनी तपासलं. तपासताना त्यांचे हात हलके होते आणि तोंड सतत चालू. काय दिसतंय ते सांगत होत्या, आता काय करणार ते सांगत होत्या. काचेच्या पट्टीवर थोडं घेऊन बाजूला ठेवलं. लघवी परीक्षानळीत घेऊन निळ्या औषधात घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. रंग निळाच राहिला. "साखर नाही," त्या म्हणाल्या. "असती तर तीही पाहावी लागती. साखर असलेल्या बायकांस हें फार छळतें." मग हात धुऊन समोर बसल्या.

"घरी इडलीचें पीठ भिजवतेस ना? रात्रीं ठेवलें कीं सकाळीं फुगतें. कां फुगतें?"

"आंबतं म्हणून."

"आंबतें तें एका बारीक जीवामुळें. बुरशीचा भाऊबंद. तसलाच एक तुझ्या अंगांतही आहे, माझ्याही, तुझ्या सासूच्याही. एरवी निजलेला असतो. गर्भ राहिला कीं बाईच्या अंगांतलें रक्त बदलतें, तेथली हवा बदलते, आणि तो माजतो. त्यांतून तुवां त्या नव्या कॅप्सुला खाल्ल्यास. त्यांनीं गळवाचे जंतू मेले, आणि ह्यास आवर घालणारे भले जंतूही मेले. मग हा राजा झाला. इतकेंच. ह्यांत पाप कोठें आलें?"

"मग परमा...?"

तुळजाक्कांचं पान चघळणं थांबलं. "हें कोण बोललें?"

मी सांगितलं. त्यांनी पान थुंकलं. मग उठल्या, बाटली काढली आणि कापसाच्या बोळ्यानं गर्द जांभळं औषध लावलं. थंड वाटलं. दिवसाआड येऊन लावून घ्यायचं. जांभळे डाग लुगड्याला पडतील, ते निघणार नाहीत. आतून काही धुवायचं नाही, कडुनिंब नाही, तुरटी नाही, साबण नाही. बाहेरून साधं पाणी, आणि नंतर मऊ सुती फडक्यानं टिपून कोरडं करायचं. ओलं लुगडं अंगावर वाळवायचं नाही. फडकी कडक उन्हात वाळवायची, कोपऱ्यात लपवून नव्हे. "कोपऱ्यांत वाळवलेल्या फडक्यांत तो पुनः वाढतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या लाजेवर पोसला जाणारा जीव आहे तो."

"बाळाला काही...?"

"पोटांत असतां कांहीं होत नाही. बाहेर येतांना तोंडांत थोडी बुरशी घेऊन येईल कदाचित्. तेव्हां पाहूं. पण रक्त दिसलें, ताप आला, घाण वास येऊं लागला, पाणी गेलें, तर तें हें नव्हे. तेव्हां देवासमोर बसूं नोको, धांवत मजकडे ये." मग डोक्यावर पदर सारखा करत म्हणाल्या, "चल. तुझ्या घरीं जाऊं."

आमच्या पुढच्या दारानं आम्ही दोघी आत शिरलो तेव्हा माझे यजमान नुकतेच मद्रासहून पोहोचले होते. हातात कॉफीचा पेला, चेहऱ्यावर सगळं ऐकल्याची कळा. आत्याबाई चटकन उठून म्हणाल्या, "अक्का, आपण मागल्या खोलींत बोलूं."

"येथेंच बोलूं," तुळजाक्का म्हणाल्या आणि झोपाळ्यावर बसल्या. यजमान उठून जाऊ लागले तसं त्यांनाही थांबवलं. "तुम्हीं कोठें जातां? बायको तुमची, मूल तुमचें. ऐकायचेंही तुम्हींच." आणि मला जे सांगितलं ते सगळं, इडलीच्या पिठासकट, त्यांनी दिवाणखान्यात सांगितलं. मधे कोणाला बोलू दिलं नाही. यजमान जमिनीकडे बघत होते. आत्याबाई भिंतीकडे. मी मात्र त्या दोघांकडे बघत होते, आणि मला स्वतःचंच नवल वाटत होतं.

शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "तुम्हीं शिकलेल्या. तुम्हीं म्हणाल तें. पण डोळ्यांनीं कोणी पाहिलें आहे?"

"तुम्हीं पाहा," तुळजाक्का म्हणाल्या. "सकाळीं ऊन आलें कीं दवाखान्यांत या. दोघेंही या."

आत्याबाई येतील असं मला वाटलं नव्हतं. पण त्या आल्या. कोणी आपल्याला घाबरट म्हणावं हे त्यांना सोसत नसे. तुळजाक्कांनी मला पुन्हा तपासून ताजा थेंब काचेवर घेतला, खिडकीशी सूक्ष्मदर्शक ठेवला, खालचा आरसा फिरवून ऊन आत घेतलं. आधी यजमानांनी पाहिलं. कान लाल करून बाजूला झाले. मग आत्याबाई वाकल्या.

"दिसतें काय?"

"दोऱ्यांसारखें कांहीं. आणि त्यांस चिकटलेले मणी."

"तोच तो. इडलीच्या पिठाचा थेंब ठेवीन तर असलेच मणी दिसतील. आतां नीट पाहून सांगा, आत्याबाई. ह्यांत कोठें तुमच्या सुनेचें शील दिसतें काय?"

आत्याबाईंनी डोळा नळीवरून काढला नाही. तशाच वाकून राहिल्या. इतका वेळ की, मला वाटलं त्यांना चक्कर येते आहे. मग डोळा न काढताच त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मजही होत असे. दर खेपेस. ह्याच्या वेळीं तर नऊही महिने." आणि थांबून, "माझ्या सासूनें मज गोठ्यांत निजवलें होतें."

यजमानांनी आईकडे पाहिलं. मला नाही वाटत, आपल्या आईला कधी काही दुखलं असेल असा विचार त्यांनी त्याआधी कधी केला होता. तुळजाक्कांनी आत्याबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि आत कॉफी सांगितली. त्या सकाळी आम्ही चौघांनी तिथेच कॉफी घेतली. घरी आल्यावर आत्याबाईंनी माझं ताट आपल्या ताटाशेजारी मांडलं. डोहाळजेवण ठरल्यापेक्षा थोडं उशिरा पण थाटात झालं. कुप्पम्माळलाही बोलावलं. तिला आत्याबाईंनी स्वयंपाकघरात नेऊन इडलीचं पीठ दाखवलं आणि तमिळमध्ये असं काही सुनावलं की, ती बिचारी पुढे महिनाभर कढीपत्ता न्यायला आली नाही.

माझी खाज पंधरा दिवसांत गेली, आठव्या महिन्यात परत आली, परत जांभळं औषध लावलं, परत गेली. तुळजाक्कांनी आधीच बजावलं होतं, "हा निर्लज्ज पाहुणा आहे. गेला म्हणजे गेलाच, असें समजूं नोको."

त्यांच्याविषयी गावात बरंच बोललं जाई. तरुणपणी त्यांचं लग्न नागपट्टणमच्या एका मराठी घरात झालं होतं. त्या मद्रासला डॉक्टरी शिकत असताना सासरच्यांनी निरोप धाडला की, आता पुरे, परत ये, नाहीतर दुसरी आणतो. परीक्षा तोंडावर होती. त्या परीक्षेला बसल्या आणि तिकडे दुसरी आणली गेली. हे त्या स्वतःच सांगत, शेंगा सोलत सोलत. कोणी 'नवऱ्यानं टाकलेली' म्हटलं की लगेच दुरुस्त करत, "टाकलेली नव्हे. परीक्षा दिलेली." त्या नवऱ्याची दुसरी बायको पुढे बाळंतपणाला तुळजाक्कांकडेच आली होती. मी विचारलं, कसं वाटलं तुम्हाला? म्हणाल्या, "पोर आडवें होतें. वाटावयास वेळ कोठें होता?"

माझ्या प्रकरणानंतर त्यांच्या डोक्यात एक गोष्ट बसली. त्या मला म्हणाल्या, "तुज पाय होते म्हणून तूं आलीस. ज्यांस दार ओलांडतां येत नाही, त्यांचें काय?" आमच्या मराठी लोकांचा विठ्ठलाचा एक मठ होता. शुक्रवारी दुपारी तिथे बायका भजनाला जमत. भजन झाल्यावर तुळजाक्का उठून उभ्या राहू लागल्या आणि गरोदरपणातल्या एकेका गोष्टीवर बोलू लागल्या. पहिल्या शुक्रवारी पायांची सूज. दुसऱ्या शुक्रवारी रक्त कमी होणं. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी विषय काढला तो अंगावर पांढरं जाण्याचा. सगळ्या शब्दांसकट. कुठलं जाणं साधं, कशाला औषध हवं, कशाला ताबडतोब डॉक्टर हवा. अर्ध्या बायकांनी पदरानं तोंडं झाकली, पण उठून कोणी गेली नाही.

चौथ्या शुक्रवारी मठाच्या पायरीवर मठाचे चिटणीस उभे होते. निवृत्त तहसीलदार, उंच, गंध लावलेले, कधी आवाज न चढवणारे गृहस्थ. त्यांनी हात जोडून सांगितलं, "अक्का, भजन करा. तें दुसरें नोको. विठ्ठलासमोर असल्या गोष्टी शोभत नाहींत."

तुळजाक्का पायरीखाली उभ्या होत्या, म्हणून त्यांना मान वर करून बोलावं लागलं. "विठ्ठलास आपण काय म्हणतों?"

"माउली म्हणतों."

"मग माउलीस हें ठाऊक नसेल काय?"

चिटणिसांनी पुन्हा हात जोडले. पण म्हणाले, "पंचांनीं ठरविलें आहे."

"पंचांत किती जणांस पोर झालें आहे?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता वळल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "पुढल्या शुक्रवारीं माझ्या ओट्यावर."

त्यांच्या दवाखान्याला रस्त्यालगत लांब ओटा होता, तिथे ज्याला तिण्णै म्हणतात तसा. येणाराजाणारा थबकला की सगळं ऐकू येईल असा. मठातल्या बंद दाराआड जे बोलणं होतं, ते आता भर गल्लीत होणार. घराघरांतून पुरुषांनी बायकांना ताकीद दिली. आमच्याकडे कोणी दिली नाही, कारण यजमान मद्रासला होते आणि आत्याबाईंना ताकीद देईल असं घरात कोणी उरलेलं नव्हतं. पण त्याही निघायचं नाव काढत नव्हत्या. दवाखान्यात, चौघांत, बोलणं वेगळं आणि भर रस्त्यावर जाऊन बसणं वेगळं.

शुक्रवारची दुपार आली. तुळजाक्कांनी ओटा झाडून चटया घातल्या, तांब्याभर पाणी ठेवलं आणि उभ्या राहिल्या. समोर कोणीच नव्हतं. एक गाय होती. ओट्यांवरच्या म्हाताऱ्यांनी मुद्दाम पंचे तोंडावर घेतले. मी खिडकीच्या गजांतून बघत होते आणि मला वाटत होतं की, आता त्या आत जातील.

त्या बोलायला लागल्या. रिकाम्या रस्त्याला उद्देशून. "आयाबायांनो, खिडक्यांमागें ज्या उभ्या आहांत त्यांनीं ऐका. ज्या उभ्या नाहींत त्यांस मागाहून सांगा." आणि मठात जे सांगितलं होतं आणि जे राहिलं होतं ते सगळं, खणखणीत आवाजात, आधी मराठीत आणि मग तमिळमध्ये. खाज आली की खाजवू नका. लाजून काढ्यांनी धुऊ नका. नवऱ्यानं विचारलं तर सांगा, न विचारलं तरी सांगा. हा चारित्र्याचा रोग नव्हे, हा गरोदरपणाचा त्रास आहे, आणि जो म्हणेल की बाई वाईट चालीची आहे, त्याला माझ्याकडे धाडा, मी त्याला भिंगातून दाखवते. गल्लीत इतकी शांतता होती की, कोपऱ्यावरच्या तांबटाची हातोडीही थांबल्यासारखी वाटली. भाषण संपलं तेव्हा त्यांनी एकटीनं पाणी प्यायलं, चटया गुंडाळल्या आणि "पुढल्या शुक्रवारीं बाळाच्या तोंडांतल्या पांढऱ्या डागांवर" असं रिकाम्या गल्लीला सांगून आत गेल्या.

पुढच्या शुक्रवारी आत्याबाईंनी स्वयंपाक लवकर उरकला. जेवणं झाल्यावर त्यांनी पेटीतून आपलं लग्नातलं, विटकरी रंगाचं रेशमी लुगडं काढलं. मला म्हणाल्या, "तुज उठवतें काय?" माझे दिवस भरत आले होते. मी उठले. त्यांनी माझा दंड धरला, पुढचं दार सताड उघडलं आणि आम्ही रस्त्याच्या मधोमध चालू लागलो. समोरून चिटणीस येत होते. थांबले. आत्याबाई त्यांच्यापेक्षा वयानं मोठ्या होत्या, म्हणून त्यांनीच आधी नमस्कार केला आणि विचारलं, "कोठें, आत्याबाई? मठांत?"

"नव्हे. शिकावयास," आत्याबाई म्हणाल्या.

त्या पुढच्या चटईवर मांडी घालून बसल्या, मला भिंतीशी टेकवलं. तुळजाक्कांनी आमच्याकडे पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. दोनशे बायका समोर असल्यासारखं बोलणं सुरू केलं. थोड्या वेळानं पलीकडच्या घराचं दार उघडलं. मग आणखी एक. कुप्पम्माळ आली आणि थेट आत्याबाईंच्या मागे बसली. ती दुपार संपेपर्यंत ओटा भरला होता आणि दोघीतिघी रस्त्यावर उभ्या होत्या. चिटणिसांच्या घरचं दार उघडलं नाही. पण त्यांच्या सुनेनं परसदारानं कोणाकरवी तरी विचारून घेतलं की, तुळजाक्का दुपारच्या भेटतात की संध्याकाळच्या. तुळजाक्कांनी उलट निरोप धाडला, "दोन्हीं वेळीं. पुढल्या दारानें." ती आली. पुढच्याच दारानं.

मला मुलगी झाली. दहाव्या-बाराव्या दिवशी तिच्या जिभेवर आणि गालाच्या आत पांढरे चट्टे दिसले. पुसले तरी निघेनात, आणि दूध ओढताना ती कळवळायची. मी घाबरले नाही. मला हे कोणीतरी आधी सांगितलेलं होतं, आणि माहीत असण्यात किती धीर असतो ते मला तेव्हा उमगलं. आत्याबाई नातीला घेऊन गेल्या आणि परत आल्या तेव्हा पोरीचं तोंड जांभूळ खाल्ल्यासारखं गर्द जांभळं होतं, ओठ, हनुवटी सगळं. वाटेत जो विचारी त्याला त्या तिचं तोंड उघडून दाखवत आल्या. "बुरशी आहे," सांगत, "आईकडून येते. जाते."

शुक्रवार सातआठ वर्षं चालले. मठाच्या पंचांनी मधे एकदा तुळजाक्कांना परत बोलावलं होतं, अमुक शब्द वापरायचे नाहीत या अटीवर. त्यांनी सांगितलं की, ते शब्द आपण बनवले नाहीत, आणि ओट्यावर वारा चांगला येतो.

मग एका बुधवारी पट्टीश्वरमहून बाळंतपण करून आल्या, छातीत दुखतं म्हणाल्या, आडव्या झाल्या आणि संध्याकाळपर्यंत गेल्या. दवाखान्याला त्यांच्या भाच्यानं कुलूप लावलं. शुक्रवारी दुपारी मी आणि आत्याबाई सवयीनं तिथे गेलो. बघतो तर ओट्यावर बायका बसलेल्या. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. मराठी होत्या, तमिळ होत्या, दोघी साक्कोट्टैहून बैलगाडीनं आलेल्या होत्या, त्यांना तर बातमीही नव्हती. त्यांतली एक सतरा-अठराची, पोट दिसू लागलेली, सारखी बसल्या जागी चुळबुळत होती आणि कोणाच्या नजरेला नजर देत नव्हती. ती चुळबूळ मी ओळखली.

चिटणीस रस्त्यानं जात होते. आता म्हातारे झाले होते, हातात काठी. ते थांबले आणि खरोखरच्या दुःखानं म्हणाले, "बायांनो, अक्का गेल्या. आतां आपापल्या घरीं जा."

एकदोघी उठू लागल्या. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी उठून उभी राहिले. माझी तमिळ तोवरही धड नव्हती. "बसा," मी म्हटलं. चिटणीस तिथेच उभे होते, ओट्यांवर म्हातारे होते, सायकलवरून दोघेजण उतरून बघत होते. मी त्या साक्कोट्टैच्या पोरीकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला सुरुवात केली.

"गरोदरपणात अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, त्याबद्दल आज बोलायचं आहे. मला झालं होतं."